मंडईच्या मांडवापासून ‘साबर बोंडं’पर्यंत

धान घरात आलं, भाऊबीज झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच, तेही पार उजाडेपर्यंत. आता या नाटकांत बायका काम करतात. पूर्वी दंडार, खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांत स्त्रीपार्ट पुरुषच करायचे. लुगडं, अंबाडा, पायात घुंगरू आणि समोर घोंगड्या पांघरून बसलेलं अख्खं गाव. पुरुषाने बाई होणं आमच्याकडे कुणाला नवं नव्हतं, पण ते रात्रीपुरतं होतं. समलिंगी किंवा तृतीयपंथी माणसाला घर असतं, आई असते, त्याच्यामागेही लग्नाचा लकडा असतो, हे समजायला पुढे सिनेमाची मदत झाली.

मराठीत हा विषय आधी शहरी रंगभूमीवर आला. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने एका कॉलेजातल्या मुलीचं मुलीवरचं प्रेम मांडलं. पुढच्याच वर्षी ‘उंबरठा’ या सिनेमात महिलाश्रमातल्या दोघींचा संबंध ओझरता येऊन गेला. १९९८ मध्ये दोन जावांच्या प्रेमावरचा ‘फायर’ हा सिनेमा लागला तेव्हा मुंबईत चित्रपटगृहांची तोडफोड झाली. खेड्यात सिनेमा पोचलाच नाही, पोचली ती तोडफोडीची बातमी.

खेड्यातल्या प्रेक्षकाला आपला वाटला तो २०१० चा ‘नटरंग’. गुणा कागलकर समलिंगी नाही. तालमीत घडलेल्या अंगाचा शेतमजूर नाच्या होतो आणि लोक त्याचं माणूसपणच काढून घेतात. स्त्रीपार्ट करणाऱ्याच्या वाट्याला दिवसा काय येत असेल, ते इथे उघड्यावर आलं.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा ‘अलीगढ’. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कविता लिहायचे. २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना त्यांच्या खोलीत घुसून चोरून चित्रीकरण झालं, विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि त्यानंतर काही दिवसांतच, एप्रिलमध्ये, ते मृतावस्थेत आढळले. २०१६ च्या चित्रपटात मनोज वाजपेयी खोलीत एकटे बसून लताबाईंचं गाणं ऐकतात, सोबत हलकेच गुणगुणतात. कोर्टात वकील भांडत असतात आणि हे आपल्या कवितांचं भाषांतर करत बसलेले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वर कितीही भाषणं ऐकली तरी या दोन प्रसंगांतून जे कळतं ते त्यांतून कळत नाही. हा आपल्या विदर्भाचा माणूस होता, ही गोष्ट इथे फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

तृतीयपंथीयांना २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदेशीर ओळख दिली, ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. एव्हाना गावोगावी स्वस्त इंटरनेट आलं होतं. ‘नटरंग’चेच दिग्दर्शक रवी जाधव यांनी २०२३ मध्ये तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावर ‘ताली’ ही मालिका केली. ती मोबाइलवर आली, तालुक्याला टॉकीज असो-नसो.

आणि मग रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार या मराठी चित्रपटाने घेतला. वडील वारले म्हणून मुंबईचा आनंद गावी येतो. दहा दिवसांचं सुतक, त्यात पाहुण्यांचं ‘आता लग्नाचं बघा’ सुरूच. गावात बालपणीचा मित्र बाळ्या आहे, तोही बिनलग्नाचा, शेती करणारा. आनंदच्या आईला मुलाचं सगळं माहीत आहे. गोष्ट पश्चिम महाराष्ट्राकडची, पण ते सुतक, ते पाहुणे, तो लकडा यवतमाळच्या कापूसपट्ट्यातही तसाच आहे.

मोबाइलवरचा सिनेमा पोरगा एकटा बघतो, कानात हेडफोन घालून. मंडईतलं नाटक आई, काका, आत्या सगळे मिळून बघतात. दारू, हुंडा, शेतकऱ्याचं कर्ज हे विषय नाटकवाल्यांनी अशाच बसलेल्या गावापुढे मांडले आहेत. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक मंडळ्या दरवर्षी दिवाळीआधी नवी नाटकं बसवतात. त्यांतल्या एखाद्या लेखकाने लग्नाला नाही म्हणणाऱ्या अशा मुलाला नाटकाचा नायक करावा, असं मला मनापासून वाटतं.