अंगावर, खर्चीवर की पगारावर: कोल्हापूर परिसरातल्या जुन्या हिशेबाची पार्श्वभूमी

डिझायनर, अकाउंटंट किंवा प्रोग्रॅमर कायमचा घ्यावा की कामापुरता बोलवावा, हा प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या छोट्या ऑफिसात रोज निघतो. फ्रीलान्सर हा शब्द नवा आहे, पण पद्धत या जिल्ह्याला जुनी आहे. कुणी तिला 'अंगावर काम' म्हणतं, कुणी 'उक्तं', इचलकरंजीत 'खर्ची', फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, 'ठेका'. नावं बदलली तरी वाद दोनच गोष्टींचा असतो: रिकामे दिवस कुणाच्या खिशातून जायचे आणि बिघडलेला माल कुणाच्या माथी बसायचा.

गावगाड्यातला सुतार किंवा लोहार पगारी नव्हता आणि पुरता सुटाही नव्हता. वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचं, हे त्याचं बलुतं. नवी बैलगाडी बांधायची झाली तर तिचे पैसे वेगळे. आजच्या वार्षिक देखभाल करारात नेमकी हीच विभागणी असते, फक्त धान्याऐवजी जीएसटीचं बिल येतं.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. पुढे माग वाढले आणि त्यांच्याबरोबर खर्चीची पद्धतही रुजली. व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. सूतही व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. दर पिकावर, म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणाऱ्या आडव्या धाग्यांवर ठरतो. समजा पिकाला १० पैसे मिळतात आणि कापड ५२ पिकाचं आहे, तर मीटरला ५ रुपये २० पैसे. मागावरच्या कामगारालाही मजुरी मीटरवरच. बाजार पडला की व्यापारी सूत देणं थांबवतो. त्याचं भांडवल मोकळं होतं, पण मागवाल्याचं शेडभाडं, कर्जाचा हप्ता आणि वीजबिलाचा स्थिर आकार चालूच राहतो. खर्चीवाला स्वतःला मालक म्हणवतो, पण मंदीचा पहिला फटका त्यालाच बसतो. एकाच गिऱ्हाइकावर जगणाऱ्या फ्रीलान्सरची गत याहून वेगळी नाही.

कोल्हापूरच्या सिनेमात याच्या उलट घडलं. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथं 'प्रभात' काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. त्या काळच्या स्टुडिओत नट, सुतार, रंगारी, कॅमेरामन हे सगळे मासिक पगारावर असत. शूटिंग असो वा नसो, पगार ठरलेला. त्यामुळे माणसं एकत्र राहिली आणि एकमेकांचा हात ओळखू लागली. पण दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास स्वतंत्र निर्माते एका चित्रपटापुरता मोठा आकडा देऊ लागले. नामवंत कलाकार बाहेर पडले आणि स्टुडिओच्या अंगावर उरला तो बाकीच्यांच्या पगाराचा बोजा.

फौंड्रीवाल्यांनी बिघडलेल्या मालाचा हिशेब सगळ्यांत स्पष्ट मांडला आहे. मोल्डिंगचा ठेका नगावर किंवा टनावर दिला की माणूस वेगानं साचे भरतो. घाईत वाळूतला ओलावा जास्त राहिला किंवा हवा जायला वाट कमी ठेवली, तर वायू आत अडकतो आणि ब्लोहोल, म्हणजे आतल्या आत भोक पडतं. वरून जॉब, म्हणजे ओतलेला भाग, चांगला दिसतो. भोक उघडं पडतं ते मशीनवर पहिला कट गेल्यावर, म्हणजे मशीनवाल्याची मजुरीही वाया. म्हणून शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या व्यवहारात सीआर (कास्टिंग रिजेक्शन) आणि एमआर (मशीनिंग रिजेक्शन) वेगळे धरतात. कास्टिंगचा दोष निघाला तर तो सीआर आणि भुर्दंड फौंड्रीला, माप चुकलं तर एमआर आणि जॉबवर्करच्या बिलातून वजावट. फ्रीलान्सरला वेबसाइट देताना असा भेद बहुतेक कुणी लिहून ठेवत नाही. मग चुकीची दुरुस्ती कोणती आणि गिऱ्हाइकानं मन बदलल्यामुळे करावा लागलेला बदल कोणता, यावर शेवटचा हप्ता अडतो. दुरुस्त्या फुकट, बदलाच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून ताशी आकार, एवढं कामाआधी लिहिलं तरी पुरतं.

कायद्यानं या वादात मोठ्या प्रमाणावर लक्ष घातलं ते स्वातंत्र्यानंतर. १९४८ चा कारखाने कायदा, त्याच वर्षीचा ईएसआय (कामगार राज्य विमा), १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी (पीएफ), १९६५ चा बोनस, १९७२ ची ग्रॅच्युइटी. पीएफला २० माणसांची अट, म्हणून मस्टर (हजेरीपट) १९ वर थांबवून पुढची माणसं ठेक्यावर दाखवायची, ही युक्ती जुनी आहे आणि चुकीचीही. ठेकेदारामार्फत आलेली माणसंसुद्धा त्या २० त मोजली जातात.

कागदावर काय लिहिलंय यापेक्षा कामावर ताबा कुणाचा, हे न्यायालय बघतं. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बिडी पुरवणाऱ्या सट्टेदारांना, म्हणजे कंत्राटदारांना, कारखान्याचे कामगार मानलं नाही, कारण ते हव्या त्या जागी बिड्या वळवून घेत आणि फक्त माल आणून देत. १९७३ मध्ये मात्र सिकंदराबादच्या एका टेलरिंग दुकानातले नगावर शिवणारे शिंपी नोकर ठरले. त्यांना ठरावीक वेळ नव्हती, काही जण कापड घरीही नेत. पण मशीन दुकानाचं होतं आणि शिवण पसंत पडली नाही तर मालक ती उसवून पुन्हा घालायला सांगू शकत होता. तुमचा लॅपटॉप, तुमची दहा ते सहाची वेळ, रजेला तुमची परवानगी, आणि करारावर मात्र 'सल्लागार' असं असेल, तर हा दुसरा निकाल आधी वाचावा.

पैशाचं गणित सोपं आहे, फक्त ते पूर्ण करावं. २०,००० मूळ पगाराच्या माणसासाठी पीएफ १५,००० च्या मर्यादेवर प्रशासन आकार आणि विम्यासह १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ६५०. ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ९६०. त्यावर बोनस धरला की माणूस महिना २४,००० च्या पुढे पडतो. त्याच हाताचा फ्रीलान्सर दिवसाला १,८५० मागत असेल तर ते महाग वाटतं, पण तो स्वतःचे रिकामे दिवस त्या दरात भरून काढत असतो. महिन्याला १३ दिवसांपेक्षा जास्त काम असेल तर पगारी माणूस स्वस्त, कमी असेल तर फ्रीलान्सर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. पूर्वी पाच वर्षं लागत. सहा महिने ते दोन वर्षांच्या प्रकल्पासाठी हा मधला मार्ग बरा आहे, पण छोटे उद्योजक अजून त्याकडे फारसे वळलेले नाहीत.

राहिला मालकीचा मुद्दा, आणि सर्वांत जास्त फसगत इथंच होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी माणसानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. फ्रीलान्सरनं लिहिलेला कोड मात्र पूर्ण पैसे दिले तरी त्याचाच राहतो, लेखी हस्तांतरण होईपर्यंत. त्या हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. चांदीचे दागिने परदेशी विकायला अ‍ॅप करून घेणाऱ्या हुपरीच्या व्यापाऱ्यानं करारात मुदत आणि प्रदेश हे दोन शब्द आधी शोधावेत, सही नंतर करावी.