युद्धकैद्यांच्या कुटुंबांचा स्मृतिमेळावा

युद्धकैद्यांच्या कुटुंबांचा स्मृतिमेळावा : शत्रूच्या कैदेत राहिलेल्या सैनिकांच्या मुलांनी, नातवंडांनी आणि त्यांच्याही पुढच्या पिढ्यांनी ठरल्या दिवशी एकत्र येऊन केलेले सामुदायिक स्मरण. असे मेळावे अनेक युद्धांच्या संदर्भात भरतात. त्यांची सर्वांत घट्ट परंपरा मात्र दुसऱ्या महायुद्धात जपानच्या कैदेत पडलेल्या ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिकांच्या कुटुंबांत आढळते. त्यातही सयाम (आजचे थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वेवर राबलेल्यांच्या. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः याच मेळाव्यांची घडण आणि आखणी यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि ब्रिटिश साम्राज्याचे हजारो सैनिक एका दिवसात कैदी झाले. पुढच्याच महिन्यात जावाही पडले. ब्रह्मदेशातील आघाडीला रसद पोहोचवण्यासाठी जपानने सयाममधील बान पोंग ते ब्रह्मदेशातील थानब्युझयात अशी ४१५ किलोमीटरची रेल्वे १९४२ साली हाती घेतली आणि ऑक्टोबर १९४३मध्ये ती पुरी करून घेतली. साठ हजारांहून अधिक दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी या कामावर होते. त्यांपैकी बारा हजारांहून अधिक भूक, पटकी, आमांश, हिवताप, चिघळलेल्या जखमा आणि मारहाण यांनी मेले. मलाया, ब्रह्मदेश, जावा येथून आणलेल्या आशियाई मजुरांची संख्या आणि मृत्यू दोन्ही कैद्यांच्या कितीतरी पट होते.

जे वाचले ते ऑक्टोबर १९४५पासून बोटींनी लिव्हरपूल आणि साउदॅम्प्टनला उतरू लागले. अनुभव वृत्तपत्रांना सांगू नका, मेलेल्या सोबत्यांच्या घरच्यांना त्याचा त्रास होईल, अशा अर्थाची छापील सूचना सुटकेच्या वेळी अनेकांच्या हाती पडली होती. बहुतेकांनी ती आयुष्यभर पाळली. घरात बाप होता, पण त्याच्या साडेतीन वर्षांबद्दल कोणी विचारायचे नाही, अशा वातावरणात एक अख्खी पिढी वाढली. पुढे कुटुंबांचे मेळावे सुरू झाले ते या मुक्या वर्षांमुळे.

सुरुवातीचे मेळावे सैनिकांचे स्वतःचे होते. ब्रिटनमध्ये गावोगावी सुदूर पूर्वेतील कैद्यांचे क्लब निघाले आणि त्यांचा राष्ट्रीय महासंघ झाला. क्वाय नदीवरील पुलाच्या ताम्रकान छावणीत कैद्यांचे नेतृत्व केलेले फिलिप टूझी या महासंघाचे अध्यक्ष होते. एकमेकांना न सांगताही सारे कळणाऱ्या माणसांच्या त्या भेटी होत्या. पेन्शन आणि औषधपाणी हेही विषय असत. सदस्य थकले, संपत आले, तशी सूत्रे मुलांकडे गेली. १९९७मध्ये कैद्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी कोफेपाऊ ही संस्था स्थापन केली. तिच्या प्रयत्नांतून स्टॅफर्डशायरमधील आल्रेवास येथील राष्ट्रीय स्मृतिवनात कैद्यांचे स्मारकभवन उभे राहिले आणि १५ ऑगस्ट २००५ रोजी ते खुले झाले. त्यानंतर मेळाव्याचा स्वभावच पालटला. पूर्वी येणाऱ्याला सर्व ठाऊक असे; आता येणारा प्रश्न घेऊन येतो.

नोंदींचे काम

चांगल्या मेळाव्याची तयारी वर्षभर आधी सुरू होते आणि तिचा मोठा भाग कागद जुळवण्यात जातो. तो तसा जायलाच हवा. पुष्पचक्रे आणि बिगुल दोन दिवसांत ठरतात; पण नात अमेरिकेतून किंवा पर्थहून येणार आणि आजोबा कोणत्या छावणीत, कोणत्या महिन्यात होते हे तिला कोणी सांगू शकणार नाही, तर तिचा प्रवास अर्धा वाया गेला.

नावनोंदणीच्या अर्जात म्हणूनच कुटुंबाकडून कैद्याचे पूर्ण नाव, पलटण, सैनिकी क्रमांक, पकडले गेल्याची जागा आणि घरी उरलेली पत्रे, छायाचित्रे यांची माहिती मागवतात. त्यावरून शोध सुरू होतो. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपान्यांनी ठेवलेली पन्नास हजारांहून अधिक कैदी-कार्डे आहेत. प्रत्येकावर नाव, हुद्दा, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, नागरी जीवनातील व्यवसाय आणि मागल्या बाजूस जपानी लिपीत बदल्यांच्या नोंदी असतात. त्या वाचण्यासाठी जुनी जपानी हस्ताक्षरे जाणणारा माणूस लागतो आणि त्याला महिनोन्‌महिने आधी गाठावे लागते. सुटकेच्या वेळी कैद्यांनी स्वतः भरून दिलेल्या प्रश्नावल्याही तिथेच आहेत: कुठल्या छावण्यांत होतो, नेता कोण होता, पळून जायचा प्रयत्न केला का. बापाने घरी जे कधी सांगितले नाही, ते त्याच्या हस्ताक्षरात इथे सापडते. ऑस्ट्रेलियन कुटुंबे कॅनबेराच्या युद्धस्मारकाकडे आणि तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वळतात, डच कुटुंबे हेगकडे. थायलंडमधील कांचनाबुरीत युद्ध-दफनभूमीशेजारी २००३पासून असलेले थायलंड-ब्रह्मदेश रेल्वे केंद्र छावण्यांच्या जागा आणि तुकड्यांच्या हालचाली यांचा तपशील राखून आहे.

या कागदांमागे कैद्यांचीच चिकाटी आहे. शोधले गेले तर बेदम मार ठरलेला असताना त्यांनी मृतांच्या याद्या आणि थडग्यांचे नकाशे लपवून ठेवले. काही तर सोबत्याच्या प्रेताबरोबर बंद डब्यात पुरले. युद्ध संपताच सप्टेंबर १९४५मध्ये एक शोधपथक रेल्वेमार्गाने निघाले. त्यात नुकतेच सुटलेले कैदी स्वतःहून सामील झाले होते. १४४ दफनस्थळांमधील १०,५४९ थडग्यांपैकी फक्त ५२ त्यांना मिळाली नाहीत. आज कुटुंबाला नेमक्या थडग्यापुढे उभे राहता येते ते त्या माणसांमुळे, आणि कोणत्याही मेळाव्यात हे आवर्जून सांगितले गेले पाहिजे.

तारीख आणि जागा

तारखेवर सर्वांत जास्त वाद होतात, कारण प्रत्येक देशाची आठवण वेगळ्या दिवशी जागी होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी २५ एप्रिल हा अँझॅक दिन, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या राष्ट्रीय स्मरणाचा दिवस. हेलफायर पास या नावाने ओळखली जाणारी कोन्यूची खिंड फोडायला ऑस्ट्रेलियन कैद्यांना जुंपले तेही २५ एप्रिल १९४३ रोजीच. त्यामुळे तिथली पहाटेची प्रार्थना हा ऑस्ट्रेलियन कुटुंबांचा मुख्य विधी झाला. छावण्यांतील शल्यचिकित्सक एडवर्ड 'वेअरी' डनलॉप यांची रक्षा १९९४च्या अँझॅक दिनी तिथेच विसर्जित केली गेली. ब्रिटिश आणि डच कुटुंबे १५ ऑगस्ट, म्हणजे जपानच्या शरणागतीचा दिवस धरतात. भारतात त्या दिवशी वेगळाच झेंडा फडकत असतो. युद्धकैद्यांच्या भारतीय वारसांना या तारखेला बोलावणे म्हणून कठीण जाते. रेल्वे पूर्ण झाल्याचा ऑक्टोबरमधील दिवस आणि सिंगापूर पडल्याचा फेब्रुवारीतील दिवस हेही पर्याय असतात.

हवामान विसरून चालत नाही. एप्रिलमध्ये कांचनाबुरीत उन्हाचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, ऑगस्टमध्ये पाऊस असतो. ज्येष्ठ पाहुणे जास्त असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मात्र नोव्हेंबरअखेर क्वाय नदीवरील पुलावर ध्वनिप्रकाशाचा मोठा उत्सव भरतो. तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि त्या आठवड्यातली जत्रेची गर्दी या कामाला साजत नाही.

जागा तीन ठिकाणी वाटली जाते. कांचनाबुरी दफनभूमीत सुमारे सात हजार थडगी आहेत, नदीपलीकडे छुंगकाय येथे सतराशेवर आणि ब्रह्मदेशातील थानब्युझयात येथे साडेतीन हजारांवर. २०२१च्या लष्करी उठावानंतर थानब्युझयातला गट नेणे जवळपास अशक्य झाले आहे. ज्यांचा माणूस तिथे पुरला आहे अशा कुटुंबांना आयोजकांनी हे आधीच स्पष्ट सांगावे आणि कांचनाबुरीतच त्यांच्या नावाने स्वतंत्र वाचन ठेवावे. अमेरिकन मृतांचे अवशेष युद्धानंतर मायदेशी नेले गेले, त्यामुळे अमेरिकन नातेवाईक थडगे शोधत फिरू नयेत एवढी काळजी घ्यावी. हेलफायर पासच्या खिंडीत उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी वरच्या स्मृतिकेंद्रातून दर्शनाची सोय ठेवतात. कांचनाबुरी ते नाम तोक ही गाडी जुन्या मार्गावरून अजून धावते. वांग फोच्या कड्याला बिलगलेल्या लाकडी पुलावरून ती संथ जाते, तेव्हा डब्यातली बडबड आपोआप थांबते.

कार्यक्रम

औपचारिक भाग सर्वत्र सारखाच: बिगुलाची धून, एक किंवा दोन मिनिटांचे मौन, पुष्पचक्रे, श्रद्धांजलीच्या ओळी, कैद्यांची प्रार्थना. भाषणे कमी असावीत. राजदूत आणि लष्करी अधिकारी यांना पहिल्या रांगेत बसवून वारसांना मागे ढकलण्याची चूक होते. ती टाळण्यासाठी नावे वाचण्याचे काम कुटुंबांकडेच द्यावे आणि वाचणाऱ्याने आपले नाते सांगावे. कांचनाबुरीत प्रत्येक थडग्यावर काशाची पाटी आहे आणि अनेक पाट्यांवर त्या काळी घरच्यांनी निवडलेली एकेक ओळ कोरली आहे. ती ओळ कोणी निवडली, हे विचारले की आजी, पणजी, न पाहिलेली पहिली बायको अशी माणसे बोलण्यात येतात.

खरा मेळावा दुपारी भरतो. लांब टेबलांवर कार्डांच्या प्रती, नकाशे, तुकड्यांच्या याद्या मांडतात आणि एकाच छावणीतल्या कैद्यांची कुटुंबे शेजारी बसवतात. एकाच्या वडिलांच्या रोजनिशीत दुसऱ्याच्या आजोबांचे नाव निघते. एका घरात नुसता फोटो असतो, दुसऱ्या घरात त्या फोटोतल्या सर्वांची नावे. यासाठी स्कॅन करण्याची सोय, दुभाषे आणि भरपूर मोकळा वेळ लागतो. कार्यपत्रिकेतला प्रत्येक तास भरून काढणारे आयोजक हाच वेळ हिरावून घेतात. काही वारसांना इथे ऐकलेले सोसत नाही. मारहाणीचा किंवा उपासमारीचा तपशील सर्वांसमोर मोठ्याने वाचण्यापूर्वी त्या कुटुंबाला विचारणे हा साधा नियम आहे, आणि एखाद्या घराला आपल्या माणसाबद्दल अप्रिय गोष्ट सापडली तर ती खाजगीतच सांगायची असते.

जपानी पाहुण्यांना बोलवावे का, यावर एकमत नाही. काही कुटुंबांना रक्षकांच्या वारसांशी बोलायचे असते, काहींना तो विषयही नको असतो. दोन्ही बाजूंना मान देऊन अशी भेट ऐच्छिक आणि वेगळ्या सत्रात ठेवणे हा रुळलेला मार्ग.

कोणाचे कुटुंब

मेळाव्याची यादी कोठे थांबते, हा या परंपरेपुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. मलायातील रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर याच रुळांखाली संपले. त्यांच्यासाठी कोणी याद्या लपवल्या नाहीत, शोधपथक निघाले नाही, काशाची पाटी नाही. मलेशियातील त्यांचे वंशज गेली काही वर्षे संघटित होऊन ही उणीव मांडत आहेत. रेल्वेच्या नावाने भरणाऱ्या मेळाव्यात त्यांना व्यासपीठ नसेल तर ते स्मरण अपुरे आहे.

भारतीय कैद्यांचेही तसेच. सिंगापूरच्या फॅरर पार्कवर १७ फेब्रुवारी १९४२ रोजी सुमारे ४५,००० भारतीय सैनिक गोऱ्यांपासून वेगळे काढले गेले. काही आझाद हिंद सेनेत गेले. न गेलेल्यांपैकी अनेकांना न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या बेटांवर मजुरीला धाडले आणि तिथे ते मोठ्या संख्येने मेले. सिंगापूरच्या क्रांजी येथील भिंतींवर थडगे न लाभलेल्या २४,०००हून अधिक सैनिकांची नावे आहेत, त्यांत भारतीयही आहेत. शेजारी दहन झालेल्या, प्रामुख्याने भारतीय, सैनिकांचे वेगळे स्मारक आहे. कांचनाबुरी दफनभूमीच्या प्रवेशद्वारातही ११ भारतीय सैनिकांची नावे कोरलेली आहेत. थायलंडमधील मुस्लिम दफनभूमींत पुरलेल्या या सैनिकांच्या थडग्यांची देखभाल शक्य झाली नाही, म्हणून ती तिथे आली. बरेच गट तिथून आत जाताना ती न वाचताच पुढे सरकतात.

मराठी घरांचा युद्धकैदेशी सर्वांत ठळक संबंध याच्याही आधीचा, पहिल्या महायुद्धातला आहे. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आलेली सहावी डिव्हिजन ही पुण्याची होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती गेली. त्यांना वाळवंटातून चालवत नेले आणि भारतीय शिपायांना रास-अल-ऐनजवळ बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. ही कुटुंबे कोकणात आणि साताऱ्याच्या बाजूला अजून आहेत. पण बसरा स्मारकावर भारतीय साध्या शिपायांची नावे कोरली गेली नाहीत, पलटणीनुसार फक्त आकडे दिले गेले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने अशा भेदभावाची कबुली २०२१च्या अहवालात दिली आणि माफी मागितली. गावातल्या जुन्या दगडी पाट्यांवरही 'या गावातून इतके गेले, इतके पडले' एवढेच असते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पडलेल्यांचा आकडा ४६ आहे. अशा घरांचा मेळावा भरवायचा तर पहिले पाऊल पलटणीच्या दप्तरातून, पेन्शनच्या जुन्या कागदांतून आणि घरच्या पेटीतल्या पदकाच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकावरून नाव परत मिळवण्याचे आहे.

१९७१च्या युद्धात बेपत्ता झालेल्या ५४ भारतीय सैनिकांची कुटुंबे या नोंदीच्या कडेवर उभी आहेत. २००७मध्ये त्यांच्यापैकी काही नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. माणसे सापडली नाहीत. ही कुटुंबे एकत्र येतात ती मागणी घेऊन. त्यांच्या मेळाव्यात पुष्पचक्र ठेवायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याशिवाय इतर कोणाचा नाही.