स्वस्त गिटार, घरचा फझ आणि खान्देशचा उन्हाळा : पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडे बँड करू पाहणारी पोरं हल्ली दोन प्रश्न हमखास विचारतात. दहा-पंधरा हजारांत कुठली इलेक्ट्रिक गिटार घ्यावी? आणि गिटारीचा आवाज मुद्दाम फाडणारं फझ पेडल (पायाने दाबायचा डबा) घरी बनवायचं तर ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा घ्यावा की सिलिकॉनचा? पहिल्याचं उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सोपं होत गेलं. दुसरं साठ वर्षांपासून भिजत पडलं आहे, आणि तापीकाठच्या मे महिन्यात त्याला वेगळंच वजन येतं.

गिटारीचं आधी उरकू. भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार १९५० पासून अमेरिकेत कारखान्यातून निघू लागली. ती स्वस्त झाली ती आशियात आल्यावर. सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी अमेरिकी मॉडेलांच्या इतक्या हुबेहूब नकला काढल्या की १९७७ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. १९८५ नंतर येन महागला आणि काम कोरियाकडे सरकलं, तिथून पुढे इंडोनेशिया आणि चीनला. संगणकावर चालणारी कटिंग मशिनं आली तसा नेकचा (गिटारीच्या दांड्याचा) खाचा आणि फ्रेटचं (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांचं) अंतर स्वस्त गिटारीतही नेमकं बसू लागलं. आजच्या दहा हजारांच्या गिटारीत सूर न जुळण्याचा जुना धोका उरला नाही, तो यामुळे.

आपल्याकडे हे सगळं उशिरा पोचलं. १९९१ पर्यंत परदेशी वाद्य मागवणं म्हणजे परवाना आणि जबर ड्युटी. त्यामुळे ऑर्केस्ट्रावाल्यांच्या हाती यायची ती कोलकात्याकडची देशी गिटार, नाहीतर मुंबईहून आणलेली सेकंडहँड. गणपतीच्या दहा दिवसांत पारोळा, अमळनेर, चोपडा असे कार्यक्रम करणाऱ्या मंडळींनी त्याच गिटारींवर वर्षं काढली. बाराव्या फ्रेटवर तार बोटभर उंच आणि वरच्या पट्टीत सूर हमखास चढा, तरी त्यांनी वाजवलं. त्यांच्या कानाला आणि बोटांना दाद द्यायला हवी. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या अँग्लो-इंडियन घरांत गिटार होती, पण ते जग बरंचसं वसाहतीच्या आतच राहिलं.

१ एप्रिल २००१ ला आयातीवरची संख्येची बंधनं उठली, दुकानांत चिनी गिटारी दिसू लागल्या. ऑनलाइन खरेदी आल्यावर शहादा-चाळीसगावलाही खोकं घरपोच येऊ लागलं. जीएसटीत वाद्यांवर सुरुवातीला २८ टक्के कर होता, तो नोव्हेंबर २०१७ मध्ये १८ वर आला.

निवड करताना पुण्या-मुंबईचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि हे पुरेसं सांगितलं जात नाही. एक म्हणजे कोरडी हवा. या गिटारी दमट प्रदेशात बनतात. इथे एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकून आकसतं, फ्रेटची तार मात्र तेवढीच राहते, मग नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला ओरबाडतात. बारीक कानस तिरकी धरून टोकं घासली की काम होतं. पण पावसाळ्यात घेतलेली गिटार उन्हाळ्यात अशी झाली म्हणून ती खराब निघाली, असं समजू नये. दुसरं म्हणजे वीज. मंडपात जनरेटर, हॅलोजन आणि लांबलचक वायरी असतात. तिथे सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारा, एकाच वेटोळ्याचा चुंबकी भाग) पन्नास हर्ट्‌झची गुणगुण उचलतो. उलट दिशेने गुंडाळलेल्या दोन कॉइलींचा हंबकर ती बरीचशी मारतो. कार्यक्रम करायचे असतील तर ब्रिजला (तारा खाली जिथे टेकतात तिथे) हंबकर असलेलीच गिटार घ्यावी, रंग-आकार नंतर बघावा.

फिंगरबोर्डच्या (बोटं दाबायच्या पट्टीच्या) लाकडाबद्दल एवढंच की, २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या कुळातल्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर स्वस्त गिटारींवर इंडियन लॉरेल रुळला होता. लॉरेल म्हणजे आपला ऐन, सातपुड्यातही उगवणारा. हलक्या दर्जाचं लाकूड म्हणून त्याला नाकं मुरडण्याचं कारण नाही.

आता फझ. १९६० च्या सुमारास नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरच्या एका चॅनेलचा ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बेस गिटारचा आवाज फाटला. तो फाटलेला आवाज रेकॉर्डवर तसाच ठेवला गेला. तोच मुद्दाम काढता यावा म्हणून १९६२ मध्ये पहिलं फझ पेडल विकायला आलं. त्यात तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते आणि दीड व्होल्टचे दोन सेल. १९६६ मध्ये लंडनहून आलेल्या गोल डब्याच्या पेडलने आणखी काटछाट केली. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवायचे कंट्रोल), एवढे अकरा पार्ट. घरी पेडल बनवणारा जवळपास प्रत्येक जण याच सर्किटपासून सुरुवात करतो. जनरल पर्पज पीसीबीवर ते एका संध्याकाळी सोल्डर होतं.

त्या काळी जर्मेनियम वापरला कारण तोच स्वस्तात मिळत होता. त्यात नादाचा काही गूढ विचार नव्हता. दशकाच्या अखेरीस सिलिकॉन स्वस्त आणि भरवशाचा झाला तसे बनवणारे तिकडे वळले. वादाला तोंड तिथे फुटलं. जर्मेनियमवाले म्हणतात, त्याचा आवाज मऊ आहे आणि गिटारीचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की तो छान साफ होतो. हे खरंच आहे. सिलिकॉनचा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) जास्त, आवाज धारदार, शिवाय कधीकधी त्यात रेडिओ स्टेशनही ऐकू येतं. हेही खरं.

पण जर्मेनियममध्ये गळती असते. ट्रान्झिस्टरला एमिटर, बेस, कलेक्टर असे तीन पाय; त्यातल्या बेसला काहीच जोडलेलं नसतानाही त्यातून करंट झिरपतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तो साधारण दुप्पट होतो. हे डोळ्यांनी बघता येतं. एसी १२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर घ्यायचा. एमिटर नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या प्लसला, कलेक्टर २.२ किलोओमच्या रेझिस्टरमधून मायनसला, बेस मोकळा. रेझिस्टरवर मल्टिमीटर लावला आणि ०.२२ व्होल्ट दिसले, तर गळती शंभर मायक्रोअँपिअर. आता ट्रान्झिस्टरची पत्र्याची टोपी नुसती दोन बोटांत धरायची. आकडा चढायला लागतो. बोटं काढली तरी खाली यायला वेळ घेतो.

हाच हिशेब आपल्या हवामानाला लावून बघा. डिसेंबरात पंचवीस अंशांना निवडलेला, शंभर मायक्रोअँपिअर गळतीचा उत्तम ट्रान्झिस्टर पंचेचाळीस अंशांना चारशेवर जातो. भुसावळला मे महिन्यात पंचेचाळीस ही बातमीही नसते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला साडेचार व्होल्टच्या आसपास बसवलेला बायस (काही वाजत नसतानाचा ठरलेला व्होल्टेज) सरकतो, आवाज घुसमटतो, लांब धरलेली नोट मध्येच तुटते. पत्र्याच्या मंडपाखाली तर विचारायलाच नको. लंडनच्या थंडीत ठरलेलं सर्किट इथे चार महिने नीट चालत नाही, आणि पोरगं समजतं की आपलंच सोल्डरिंग चुकलं.

शिवाय एसी १२८ पीएनपी जातीचा (उलट्या ध्रुवांवर चालणारा) असल्यामुळे मूळ सर्किटमध्ये अर्थ पॉझिटिव्ह असतो. बाकीच्या पेडलांबरोबर ते एकाच अॅडॅप्टरवर लावलं तर सप्लाय शॉर्ट होतो.

एसी १२८ आपल्याकडे दुर्मीळ नव्हता. बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात साठच्या दशकातच जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनू लागले होते, आणि जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या आउटपुटला एसी १२८ ची जोडी असायची. म्हणूनच हल्ली भंगारातले रेडिओ फझसाठी फोडले जातात. बंद पडलेला फोडा, चालता रेडिओ फोडू नका. बाजारात नवीन म्हणून मिळणाऱ्यांत दुसऱ्याच ट्रान्झिस्टरवर नाव छापलेले बरेच निघतात, म्हणून वरची चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खान्देशात सिलिकॉनच लावावा, या मताचा मी आहे. त्याच्या तक्रारींवर इलाज आहेत. बीसी ५४७ चा कमी गेनचा ‘ए’ गट निवडायचा. बेस आणि कलेक्टरमध्ये शंभर पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला की धार मवाळ होते आणि रेडिओ शिरत नाही. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरच्या ८.२ किलोओमच्या रेझिस्टरच्या जागी वीस किलोओमचा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा रेझिस्टर) लावून साडेचार व्होल्ट स्वतः बसवायचे. ट्रान्झिस्टर दोन-चार रुपयांचा, एनपीएन (पीएनपीच्या उलट) असल्याने अॅडॅप्टरही नेहमीचा, आणि डिसेंबरचा आवाज मेमध्ये तसाच राहतो. जर्मेनियमचा हट्टच असेल तर पहिला ट्रान्झिस्टर कमीत कमी गळतीचा शोधावा आणि प्रीसेटला डब्याच्या बाहेरून पेचकस लागेल असं भोक ठेवावं.

फझच्या पुढच्या पेडलांचे पार्ट तर आपल्याकडे आधीपासूनच होते, फक्त गिटारवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. १९७९ च्या सुमारास आलेल्या प्रसिद्ध हिरव्या ओव्हरड्राइव्ह पेडलातला ४५५८ हा आयसी इथल्या दुकानांत जुळवल्या जाणाऱ्या अँप्लिफायरच्या बास-ट्रेबल बोर्डवर सर्रास असतो. कॅराओकेसाठी बनलेला पीटी २३९९ हा एकोचा आयसी. भजनी मंडळाच्या माइकला एको देणाऱ्या स्वस्त बोर्डांवर तोच सापडतो आणि घरगुती डिले पेडलांतही तोच. पाच व्होल्टवर चालतो आणि साधारण तीस ते तीनशे चाळीस मिलिसेकंदांचा डिले देतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीची खेप आता फक्त पायाने दाबायच्या नऊ पिनांच्या स्विचसाठी आणि अॅल्युमिनियमच्या डब्यासाठी होते. बाकी सामान जळगावच्या रेडिओ-टीव्ही पार्टवाल्याकडे विचारलं तरी मिळतं.