पश्मिना: तह, शेळ्या आणि कुरणं

निफाडचा पारा बातम्यांत झळकू लागला, की नाशिकमध्ये शालींचे गठ्ठे रस्त्यावर येतात. पाचशेला 'पश्मिना'! तो बहुधा व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासूनचा धागा असतो. खरा पश्मिना शेळीच्या मऊ लवेचा, तो त्या भावात परवडणारच नाही. एका शेळीमागे वर्षाला पाव किलोच्या आसपास कच्चा माल निघतो आणि राठ केस काढल्यावर निम्म्याहून कमी उरतो.

लडाखच्या चांगथांगमध्ये, 4,000 मीटरच्या वर, चांगथांगी शेळीच्या केसांखाली थंडीसाठी 12 ते 15 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची लव, म्हणजेच पश्म, येते. ऊन वाढलं की ती आपसूक सुटते. मग चांगपा मेंढपाळ शेळीचे पाय बांधून लोखंडी फणीने तिला विंचरतात आणि लवेचे झुबके निघतात. कातरलं तर राठ केसही जास्त येतात.

या लवेसाठी तह झाले, लढायाही झाल्या. लडाख आणि तिबेटमधल्या 1684 च्या तहाने तिबेटची पश्म लडाखमार्गे काश्मीरलाच जावी असं ठरलं. 1834 मध्ये जम्मूच्या गुलाबसिंगाचा सेनापती जोरावरसिंग लडाखात शिरला, त्यामागे हा व्यापारही होता. 1846 च्या अमृतसर तहात इंग्रजांनी गुलाबसिंगावर वार्षिक नजराणा बसवला: एक घोडा, बारा शेळ्या, काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. आपल्याकडे पेशवाईतही शालजोडी मानाचीच. पुढे 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने फ्रान्सची मागणी आटली आणि काश्मीरचे विणकर उघड्यावर पडले.

आजची चिंता मुख्यतः अशीच लव देणाऱ्या शेळ्या पाळणाऱ्या मंगोलियातली. 1990 नंतर तिथले सामुदायिक कळप खासगी झाले आणि शेळ्या सुमारे 50 लाखांवरून वाढत अडीच कोटींहून जास्त झाल्या. शेळी गवत मुळापर्यंत कुरतडते, खुरांनी माती उकरते. कुरणं खंगली, आणि 2009-10 च्या हिवाळ्यात लाखो जनावरं दगावली. त्यात भाव वजनावर, म्हणून म्हाताऱ्या शेळ्याही राखल्या जातात. पण वय वाढतं तशी लव जाड होते.

माझ्या मते सगळं इथेच अडतं. बारीकपणाला पैसे मिळाले तरच मोजक्या शेळ्या, कुरणं आलटून-पालटून चराई आणि जागेवर प्रतवारी परवडेल. सिन्नरकडच्या धनगराला हे सांगावं लागणार नाही. त्याच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही.

भारतात 2019 मध्ये पश्मिन्याचं मानक आलं, 2023 मध्ये लडाखी पश्मिन्याला भौगोलिक मानांकन मिळालं. घेताना शंका आली तर कडेचा धागा जाळून पाहा: व्हिस्कोसला कागदाचा वास येतो, लोकरीला जळक्या केसांचा. मेंढीची लोकर की पश्म, ते मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.