अठरा इंच म्हणजे नेमके काय? माउंटन बाइकच्या मापाची पार्श्वभूमी

जुनी माउंटन बाइक काढून नवी घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात बहुधा एक आकडा पक्का बसलेला असतो. ‘मला अठरा इंची फ्रेम लागते.’ जुन्या सायकलीपुरता तो बरोबरही असतो. पण अठरा इंच म्हणजे सुमारे ४५७ मिलिमीटर, आणि सीटखालची नळी ४५० मिलिमीटरच्या आसपास असलेली आजची फ्रेम बऱ्याच कंपन्यांच्या यादीत लार्ज म्हणून येते. मध्यम उंचीच्या माणसाने जुना आकडा धरून तीच उचलली, तर हँडल फार लांब जाते आणि सीट उतारावर पुरेशी खाली येत नाही. चूक त्या माणसाची म्हणता येत नाही. मापाची पद्धत एका काळातली आणि सायकल दुसऱ्या काळातली, असा हा घोळ आहे. तो समजायला बरेच मागे जावे लागते.

उंच पुढच्या चाकाच्या सायकलींच्या काळात, म्हणजे १८७० ते ८०च्या दशकांत, माप चाकाचे असे. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असल्याने एका फेऱ्यात किती अंतर कापले जाणार, हे चाकाच्या व्यासावर ठरे. साहजिकच ज्याचा पाय लांब त्याचे चाक मोठे. पन्नास इंची, छप्पन्न इंची चाक ही त्या स्वाराची ओळखच असायची. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. तिला साखळी होती, ओढ मागच्या चाकाला होती आणि दोन्ही चाके जवळपास सारखी होती. पायाची आणि चाकाची जखडण सुटली. पाय मोजण्याची सवय मात्र सुटली नाही. ती चाकावरून सरकून सीटखालच्या उभ्या नळीवर, म्हणजे सीट ट्यूबवर, जाऊन बसली.

त्या काळापुरते यात शहाणपण होते, हे मान्य करायला हवे. चौकटीच्या आकाराची फ्रेम स्थिरावली तेव्हा वरची नळी जमिनीला समांतर असे. नळ्या जोडणारे लग ठरावीक कोनांचे येत, त्यामुळे एका कारागिराच्या फ्रेमांचे कोन फारसे बदलत नसत. अशा फ्रेमची सीट ट्यूब किती हे कळले, की बाकीचे अंदाजाने कळे: वरच्या दांडीवरून टांग टाकून उभे राहता येईल का, हँडल किती उंच येईल, आणि साधारण किती लांब पडेल. एका आकड्यात तीन-चार उत्तरे मिळत. वाद असलाच तर नळी कुठपर्यंत मोजायची एवढाच. कुणी बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस जिथे फ्रेममध्ये फिरतो त्या जागेच्या, मध्यापासून वरच्या नळीच्या मध्यापर्यंत मोजे, कुणी सीट ट्यूबच्या टोकापर्यंत, आणि त्यात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक पडे. पुढे रस्त्यावरच्या सायकली सेंटिमीटरमध्ये मोजल्या जाऊ लागल्या आणि माउंटन बाइकला इंच चिकटले.

गंमत अशी, की माउंटन बाइकचा जन्म झाला तेव्हा तिला माप असे काही नव्हतेच. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत माउंट टॅमलपाइसच्या परिसरात १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे ‘रीपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. हे नावही गमतीचे: उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा, म्हणजे ‘रीपॅक’ करावा, लागे. या मंडळींची आवडती फ्रेम म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची श्विन एक्सेल्सियर. जाड बलून टायरची अमेरिकी सायकल श्विनने १९३३ मध्ये बाजारात आणली होती, ती मुख्यतः पोरासोरांसाठी. भंगारात जी फ्रेम सापडेल तीच आपली साइज. सीटचा दांडा, म्हणजे सीटपोस्ट, लांब घालायचा, उतारावर सीट खाली दाबायची, चढावर सायकल ढकलायची. पुढे चाळीस वर्षांनी डिझाइनर मंडळी ज्या निष्कर्षाला पोहोचली त्याची बीजे, म्हणजे बुटकी सीट ट्यूब, लांबच लांब पुढचा भाग आणि ऐसपैस हँडल, या भंगारात होती.

मग कारागीर आले. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बांधली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेमांवर ‘माउंटनबाइक्स’ नावाने धंदा सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीची स्टम्पजंपर आली आणि माउंटन बाइक कारखान्यातून निघू लागली. ब्रीझ आणि रिची दोघेही मुळात रस्त्यावरच्या शर्यतींचे स्वार आणि त्याच सायकलींच्या फ्रेमा बांधणारे. मोजण्याची त्यांची भाषा अर्थातच तीच, गिऱ्हाइकाचीही तीच. अशा रीतीने सीट ट्यूब पुन्हा मापाच्या खुर्चीवर बसली.

डोंगरात ही पद्धत पहिल्यांदा आपटली ती अगदी शब्दशः. सपाट रस्त्यावर दांडीवरून टांग टाकून उभे राहताना इंच-दोन इंच मोकळे राहिले तरी चालते. दगडाधोंड्यांत अचानक पाय टेकावा लागला की एवढ्याने भागत नाही, आणि कुठे लागते हे सांगायला नको. म्हणून सल्ला निघाला की रस्त्याच्या सायकलीपेक्षा तीन-चार इंच लहान फ्रेम घ्यावी. त्यापाठोपाठ वरची नळी मागे उतरती झाली आणि सीट ट्यूब आखूड होत गेली. पण माणसाचे धड काही आखूड झाले नव्हते, त्यामुळे वरच्या नळीची लांबी तशीच राहिली. इथून त्या एका आकड्याचे आणि बाकीच्या सायकलीचे नाते तुटले. एका कंपनीची सतरा इंची फ्रेम दुसऱ्या कंपनीच्या अठरा इंचीपेक्षा लांब निघू लागली.

हा गोंधळ बरीच वर्षे झाकून ठेवला तो स्टेमने. हँडल फ्रेमला जोडणारा तो छोटा तुकडा १९९०च्या आसपास १३० ते १५० मिलिमीटर लांब असायचा. फ्रेम आखूड पडली? लांब स्टेम लावा. हँडल ५६-५८ सेंटिमीटर रुंदीचे, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कचा कोन ७१ अंश, सीटचा ७३. अमेरिकेतल्या ‘नोर्बा’ या शर्यत संघटनेच्या नावाने ही घडण ओळखली जाई. चढावर अशी सायकल झकास चाले. तीव्र उतारावर मात्र स्वाराचे वजन पुढच्या चाकाच्या पार पुढे जाई, आणि हँडलवरून कोलांटी हा त्या पिढीचा ठरलेला प्रसाद होता. माझ्या मते माउंटन बाइकच्या मापाचा सगळा पुढचा इतिहास हा त्या लांब स्टेमपासून सुटका करून घेण्याचा इतिहास आहे.

धड आणि पाय यांचे प्रमाण सगळ्यांचे सारखे नसते, ही गोष्ट तोवर कुणाला दिसली नव्हती असे नाही. जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये स्त्रियांसाठी सायकली काढल्या तेव्हा वरची नळी खरोखर आखूड करता यावी म्हणून लहान मापांत पुढचे चाक २४ इंची घेतले. त्या रस्त्यावरच्या सायकली होत्या. डोंगरवाल्यांनी त्यातून फारसे काही उचलले नाही.

१९८९ मध्ये रॉकशॉक्सचा पहिला सस्पेन्शन फोर्क आला, पुढच्या काही वर्षांत मागचे सस्पेन्शनही आले, आणि सीट ट्यूब मोजणे म्हणजे निव्वळ उपचार उरला. मधे शॉक बसवायचा म्हणून ही नळी कुठे वाकली, कुठे तुटक झाली, कुठे बॉटम ब्रॅकेटच्या बऱ्याच पुढून निघाली. काही कंपन्या तर नसलेली आडवी नळी कल्पून तिथपर्यंतचे ‘मानीव’ इंच छापत. दुसऱ्या बाजूला रस्त्यावरच्या सायकलींत डिझाइनर माइक बरोज यांच्या रचनेवरून जायंट या कंपनीने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात उतरत्या नळीच्या फ्रेमा स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मोजक्या मापांत आणल्या. कारखान्याला हे सोयीचे, दुकानाला तर फारच. माउंटन बाइकवालेही अक्षरांकडे वळले. पण इंच निदान काहीतरी मोजत तरी होते. ‘मीडियम’ हे तर फक्त कंपनीचे मत झाले.

लांबीचा प्रश्न उघडपणे हाताळला गॅरी फिशर यांनी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या ‘जेनेसिस’ घडणीत वरची नळी लांब आणि स्टेम आखूड होते. स्पेनच्या मोंड्रेकरने २०१२ मध्ये ‘फॉरवर्ड जॉमेट्री’ आणून ही कल्पना टोकाला नेली. फ्रेम इतकी लांब की स्टेम अवघा १० मिलिमीटरचा. तो दहाचा स्टेम काही टिकला नाही, लवकरच ३० वर गेला. लांब फ्रेम मात्र टिकली आणि पसरली. आज ट्रेल प्रकारच्या सायकलीला ३५ ते ५० मिलिमीटरचा स्टेम आणि ७६ ते ८० सेंटिमीटरचे हँडल असते. स्टेम लांब करून फ्रेमची कमतरता भागवण्याची जुनी पळवाट जवळजवळ बंद झाली, म्हणून फ्रेमची लांबी निवडतानाच नीट निवडावी लागते.

मग लांबी मोजायची कुठून? आधी ‘इफेक्टिव्ह टॉप ट्यूब’ हे माप प्रचारात होते: फ्रेमच्या पुढच्या, हँडलखालच्या नळीच्या म्हणजे हेड ट्यूबच्या वरच्या टोकापासून आडवी रेघ सीटपोस्टपर्यंत. बसून चालवण्यासाठी ते ठीक आहे. अडचण अशी, की त्याचे मागचे टोक सीटच्या कोनाबरोबर हलते. ट्रायथलॉनच्या सायकलींत हे कोन कंपनीगणिक फार वेगळे असत, आणि तिथेच डॅन एम्पफिल्ड यांनी स्टॅक आणि रीच या मापांचा पुरस्कार केला. दोन्ही बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सुरू होतात. तिथून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आडवे अंतर म्हणजे रीच. सीट कुठेही असो, ही मापे हलत नाहीत.

माउंटन बाइकच्या बाबतीत यातली मेख कागदावर आकडेमोड केली की दिसते. दोन फ्रेमा घ्या. दोन्हींचा स्टॅक ६०० मिलिमीटर, दोन्हींची इफेक्टिव्ह टॉप ट्यूबही ६००. जुनीचा सीट अँगल, म्हणजे सीटच्या रेघेचा जमिनीशी कोन, ७३ अंश, नवीचा ७७. जुन्या फ्रेममध्ये सीटची रेघ बॉटम ब्रॅकेटच्या १८३ मिलिमीटर मागे जाते, नव्या फ्रेममध्ये १३९. म्हणजे जुनीचा रीच ४१७ उरला आणि नवीचा ४६१. बसल्यावर दोन्ही सारख्याच वाटतील. पेडलवर उभे राहिलात की नवी सायकल पुढे ४४ मिलिमीटर लांब आहे. उतारावर माउंटन बाइक उभे राहूनच चालवतात, हे लक्षात घेतले की रीचला एवढे महत्त्व का आले ते कळते. ‘जुनीइतकीच टॉप ट्यूब आहे’ असे म्हणून निर्धास्त होणाऱ्याची गफलतही इथेच होते.

रीचलाही पवित्र मानू नये. स्टेमखाली १० मिलिमीटरचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) घातले, तर हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी कोन, ६५ अंश असताना हँडल चार मिलिमीटर मागे येते. २० मिलिमीटर जास्त लांबीचा फोर्क बसवला की पुढचा भाग वर उचलला जातो, हेड अँगल साधारण एका अंशाने आडवा होतो आणि रीच नऊ-दहा मिलिमीटरने घटतो. दोन फ्रेमांचे रीच ताडताना स्टॅककडे न पाहणे म्हणजे अर्धीच गोष्ट वाचणे.

सीट ट्यूबचे काय झाले? ती मापाच्या खुर्चीवरून उतरली आणि वेगळ्याच कारणाने पुन्हा महत्त्वाची ठरली. चालत्या सायकलीवर सीट खाली-वर करण्याची खटपट जुनी आहे. १९८०च्या दशकातच जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी ‘हाइट राइट’ नावाची स्प्रिंग काढली होती. २०००च्या दशकात ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालता चालता खाली-वर होणारे सीटपोस्ट, आले आणि २०१० मध्ये रॉकशॉक्सचा रिव्हर्ब आल्यावर ते सर्रास दिसू लागले. जेवढा ड्रॉप, म्हणजे सीट खाली जाण्याचे अंतर, जास्त हवा, तेवढी सीट ट्यूब आखूड लागते.

समजा जांघेपर्यंत पायाची लांबी ७९ सेंटिमीटर आहे. अमेरिकी शर्यतपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ०.८८३ च्या गुणकाने सीटची उंची बॉटम ब्रॅकेटपासून जवळपास ७०० मिलिमीटर येते. त्यातून सीटचीच जाडी सुमारे ५० वजा करा. १७० मिलिमीटरचा ड्रॉपर सीट ट्यूबच्या तोंडाशी असलेल्या कॉलरच्या वर, त्याच्या डोक्यासकट, अंदाजे २१५ घेतो. उरले ४३५. म्हणजे या स्वाराला सीट ट्यूब जास्तीत जास्त एवढीच चालेल, आणि आत पोस्ट मावायला नळी सरळही हवी. जुन्या हिशेबात याच पायाला अठरा इंची, म्हणजे ४५७ची, फ्रेम सांगितली जाई. त्यात १७०चा ड्रॉपर बसवला तर सीट दोनेक सेंटिमीटर उंच राहील.

सगळ्या मापांची सीट ट्यूब पुरेशी आखूड केली, तर एकाच माणसाला दोन किंवा तीन मापे चालतात, आणि निवड पायावरून न होता लांबीवरून होते. स्पेशलाइज्डने २०२० सालच्या एन्ड्युरोला एस-२ ते एस-५ अशी मापे दिली ती याच विचाराने. चपळ सायकल हवी तर आखूड घ्या, वेगात स्थिर हवी तर लांब. पुष्कळ गिऱ्हाइके यावर वैतागतात, कारण पूर्वी तक्त्यात उंची पाहून सुटका होत असे. उंचीचे तक्ते अजून छापले जातात. दोन मापांच्या सीमेवर असलेल्याने त्यात डोके घालण्याऐवजी सध्याच्या सायकलीचा रीच आणि स्टॅक शोधून नव्याशी ताडावा. तोच पाया त्याच्या अंगाला माहीत असतो.

फ्रेमा लांबल्या त्या पुढच्या बाजूने. मागचे अंतर, म्हणजे बॉटम ब्रॅकेट ते मागचा आस, कितीतरी वर्षे स्मॉलपासून एक्स्ट्रा लार्जपर्यंत एकच राहिले. मागचा त्रिकोण सर्वांना एकच साच्यातला परवडतो, हे त्यामागचे साधे कारण. परिणामी उंच स्वाराचे वजन मागे झुकते आणि पुढचे चाक वळणावर हलके पडते. कॅनडाची नॉर्को ही मापागणिक मागचे अंतर बदलणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी एक, आता इतरही त्या वाटेने निघाल्या आहेत. बुटक्या स्वारांची अडचण उलटी आहे. उतारावर सीट खाली घेऊन स्वार मागे सरकला की २९ इंची मागचे चाक बुडाला लागते, म्हणून कित्येक कंपन्या लहान मापांत मागे साडेसत्तावीस इंची चाक देतात.