अवकाश दुर्बिणींची कक्षेतील दुरुस्ती

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दुर्बिणीपर्यंत अंतराळवीरांनी जाऊन तिचे बिघडलेले भाग बदलणे, नवी उपकरणे बसवणे आणि तिला पुन्हा कक्षेत सोडून देणे, याला कक्षेतील दुरुस्ती म्हणतात. हबल दुर्बीण हे तिचे सर्वांत मोठे उदाहरण. १९९३ ते २००९ या काळात हबलकडे पाच मोहिमा गेल्या आणि त्यांत मिळून २३ स्पेसवॉक झाले.

सुरुवात मात्र त्याआधीची आहे. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावरील सौर दुर्बिणींच्या फिल्म अंतराळवीर बाहेर जाऊन हाताने बदलत. एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर या स्पेस शटलच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या अमेरिकी अंतराळयानाच्या, चमूने ‘सोलर मॅक्स’ हा सूर्यनिरीक्षक उपग्रह पकडून दुरुस्त केला. त्याला धरण्याचा पहिला प्रयत्न फसला होता. शेवटी यानाचा यांत्रिक हात कामी आला.

हबलची बांधणीच दुरुस्ती गृहीत धरून झाली होती. बाहेरून धरायला दांड्या, आतल्या उपकरणांपुढे उघडणारे दरवाजे, खण ओढावा तशी बाहेर काढता येणारी उपकरणे. ठरावीक वर्षांनी तिला जमिनीवर आणून पुन्हा पाठवायचा विचारही आधी झाला होता, तो मागे पडला. ही दूरदृष्टी किती मोलाची होती ते लवकरच कळले. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण कक्षेत गेली आणि काही आठवड्यांतच लक्षात आले की २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा चुकीच्या आकारात घासला गेला आहे. कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अधिक सपाट होता. आरसा तपासायच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते, म्हणून घासणारे अतिशय काटेकोरपणे चुकीचा आकार देत राहिले. या दोषाला गोलीय विपथन म्हणतात. त्यामुळे ताऱ्याभोवती प्रकाशाचे धुरकट वलय दिसते.

चूक काटेकोर होती, म्हणूनच तिच्यावर चष्मा काढता आला. डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून सात जण गेले. स्वतःची प्रकाशीय दुरुस्ती असलेला नवा कॅमेरा त्यांनी बसवला आणि इतर उपकरणांसाठी छोट्या आरशांची ‘कोस्टार’ ही पेटी. तिला जागा देण्यासाठी एक चालू प्रकाशमापी मात्र कायमचा काढावा लागला, ही किंमत सहसा सांगितली जात नाही.

जमिनीवर ज्या कामाला दहा मिनिटे लागतात, त्याला तिथे तास लागतो. हवा भरलेल्या पोशाखाचा हातमोजा फुग्यासारखा ताठ असतो आणि प्रत्येक वेळी बोट वाकवताना तो दाबावा लागतो. पाय बांधलेले नसतील तर पाना फिरवताना बोल्टऐवजी माणूसच फिरतो. साधारण दीड तासात एकदा दिवस आणि रात्र होते, त्यामुळे धातू तापतो, गार होतो, किंचित वाकतो. १९९३ मध्ये दुर्बिणीचा रोख स्थिर ठेवायला मदत करणारे जायरोस्कोप बदलल्यावर त्या कप्प्याचे दरवाजे बंदच होईनात. स्टोरी मसग्रेव्ह आणि जेफ हॉफमन यांनी पट्टा आवळून, दोघांच्या ताकदीने ते कसेबसे लावले. याच मोहिमेची तयारी करताना मसग्रेव्ह यांच्या बोटांना अतिशीत निर्वात कक्षात हिमदंश झाला होता. एरवी सराव पाण्याच्या प्रचंड टाकीत, पूर्णाकृती नमुन्यावर चालतो.

१९९७ मध्ये नवी उपकरणे बसली. १९९९ ची फेरी घाईची होती, कारण सहापैकी चार जायरोस्कोप बंद पडून निरीक्षणे थांबली होती. २००२ मध्ये वीजनियंत्रण पेटी बदलण्यासाठी हबल प्रथमच पूर्ण बंद करावी लागली. ती पुन्हा चालू होईल याची खात्री कोणालाच नव्हती.

फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यान परतताना नष्ट झाले, त्यातले सातही जण मृत्युमुखी पडले, आणि पुढची मोहीम २००४ मध्ये रद्द झाली. कारण रास्त होते. यानाला इजा झाली तर आंतरराष्ट्रीय स्थानकात आसरा घेता येई, पण हबलची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे २८.५ अंशांचा कोन करते, तर स्थानकाची ५१.६ अंशांचा, कक्षेची पातळी इतकी वळवायला लागणारे इंधन शटलजवळ नसे. यंत्रमानव पाठवायचा पर्यायही तपासला गेला. अखेर २००६ मध्ये मोहीम पुन्हा मंजूर झाली आणि मे २००९ मध्ये अटलांटिस गेले, तेव्हा सुटकेसाठी एंडेव्हर दुसऱ्या प्रक्षेपण तळावर सज्ज उभे होते.

या फेरीत प्रथमच अख्खे उपकरण न बदलता त्याच्या आतली विद्युत पाटी बदलायची होती. २००४ पासून बंद असलेल्या वर्णपटमापकाचे झाकण १११ बारीक स्क्रूंनी बसवलेले होते. एकही स्क्रू दुर्बिणीच्या आत तरंगत जाऊ नये म्हणून त्यांना झेलणारी खास पारदर्शक पाटी बनवली गेली. पण अडले ते त्याआधीच. समोरच्या दांडीच्या चार बोल्टांपैकी शेवटच्याचे डोके झिजून पाना घसरू लागला. जमिनीवरच्या अभियंत्यांनी तशाच दांडीवर ताकद आजमावून पाहिली आणि निरोप पाठवला: ओढून तोडा. अंतराळवीर माइक मॅसिमिनो यांनी हाताने हिसका दिला, दांडी निघाली, आणि मग ते १११ स्क्रू एकेक करून सुटले. वर्षानुवर्षे आखलेल्या कामाचा सर्वांत निर्णायक क्षण असा धसमुसळा निघावा, हे मला फार आवडते.

या खर्चात नवी दुर्बीणच झाली असती, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्ण चुकीचा नाही. पण २००९ ची हबल ही १९९० ची उरलीच नव्हती. तिची सगळी वैज्ञानिक उपकरणे बदलली गेली होती. माणसाच्या टप्प्यात राहण्यासाठी तिला पृथ्वीजवळची कक्षा घ्यावी लागली, जिथे पृथ्वीच वारंवार आकाश झाकते. पंधरा लाख किलोमीटर दूर गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीला ही अडचण नाही, आणि दुरुस्तीची सोयही नाही. चीनने नियोजित ‘शुनथ्यान’ दुर्बीण आपल्या अंतराळ स्थानकाच्याच कक्षेत ठेवायचे ठरवले आहे, म्हणजे गरज पडल्यास ती स्थानकाला जोडता येईल.

शटल २०११ मध्ये निवृत्त झाले. जून २०२४ पासून हबल एकाच जायरोस्कोपवर काम करते, दुसरा राखीव आहे. २००९ च्या चमूने तिच्या तळाशी एक कडे बसवून ठेवले होते, पुढे एखाद्या यानाला तिला धरता यावे म्हणून. त्याला अजून कुठलेही यान जोडले गेलेले नाही.