शेतमजुरांची कंबरदुखी आणि आखूड दांड्याचा वाद

शेतात राबणाऱ्यांची कंबर, गुडघे, खांदे का दुखतात हे वेगळं सांगायची गरज नाही. तासन्‌तास ओणवं राहणं, ओझी उचलणं, दिवसभर हाताची तीच ती हालचाल. वाद दुखण्याच्या कारणावरून फारसा झालेला नाही. दुखणं कामामुळेच आहे असं कुणी लिहून द्यायचं आणि लिहून दिलं की भरपाई कुणी भरायची, यावर तो अडत आला आहे.

कामगारांच्या आजारांवरचा पहिला पद्धतशीर ग्रंथ १७०० साली इटलीत निघाला. बेढब हालचालींनी आणि अवघडलेल्या स्थितीत काम करण्याने शरीराची झीज होते, हे त्यात तेव्हाच नोंदलेलं आहे आणि शेतकऱ्यांच्या आजारांनाही त्यात जागा आहे. पुढची दोन शतकं मात्र सगळं लक्ष खाणी आणि गिरण्यांकडे गेलं. १९२१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शेतमजुरांना कामगार भरपाईच्या कायद्यांत आणायचं ठरवलं, पण ते अपघातापुरतंच. यंत्रात हात सापडला तर त्याला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतात. वीस हंगामांत झिजलेल्या मणक्याला यातलं काहीच नसतं. पुढच्या बहुतेक भांडणांचं मूळ या फरकात आहे.

त्यातलं सर्वांत बोलकं भांडण कॅलिफोर्नियातलं. तिथल्या लेट्यूस (सॅलडचा पाला) आणि बीटच्या शेतांत विरळणी, म्हणजे दाटीतली जास्तीची रोपं काढणं, आणि निंदणीसाठी जेमतेम फूट-दीड फूट दांड्याचं कुदळीसारखं अवजार वापरत. दांडा एवढा आखूड की ते चालवायचं तर कंबरेतून पूर्ण वाकल्याशिवाय गत्यंतर नाही. एका हातात अवजार. दुसऱ्या हाताने जोडरोप उपटायचं. आणि तशाच ओणव्या अवस्थेत पुढे सरकत शेकडो फुटांची ओळ संपवायची. मजूर बहुतेक मेक्सिकन वंशाचे. १९४२ ते १९६४ या काळात तर करारावर आणलेल्या मजुरांचे तांडेच्या तांडे तिथे राबले.

मालकांचं म्हणणं, पीक नाजूक आहे, लांब दांड्याने हात नेमका बसत नाही, रोपं दुखावतात. मजुरांचं म्हणणं वेगळं होतं. आखूड दांडा मुकादमाच्या सोयीचा आहे, कारण सगळे वाकलेले असताना जो सरळ उभा दिसेल तो काम थांबवून बसला, हे रस्त्यावरच्या गाडीतूनही कळतं. इतर राज्यांत हीच पिकं लांब दांड्याने निंदली जात होती, हेही मजुरांच्या बाजूने पुढे आलं.

१९७२ मध्ये गरीब ग्रामीण मजुरांसाठी काम करणाऱ्या वकिलांनी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाकडे या अवजारावर बंदीचा अर्ज केला. सुनावणीत डॉक्टरांनी सांगितलं की अशा कामाने पाठीचं कायमचं नुकसान होतं. १९७३ मध्ये विभागाने अर्ज फेटाळला. फेटाळण्याचं कारण मुळातून पाहावं असं आहे. नियमात ‘असुरक्षित हत्यार’ वापरायला मनाई होती. विभागाने त्याचा अर्थ लावला तो सदोष हत्यार, म्हणजे दांडा तडकलेलं किंवा पातं निसटणारं. हे अवजार तर धडधाकट होतं! ते वापरून माणूस मोडतो, हा अवजाराचा दोष कसा, असा एकूण सूर.

जानेवारी १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ फारच संकुचित ठरवला. ज्या पद्धतीने अवजार वापरणं भाग आहे, त्या पद्धतीने वापरूनच इजा होत असेल तर ते असुरक्षितच, असा त्या निकालाचा गाभा. न्यायालयाने स्वतः बंदी घातली नाही, फेरविचाराचा आदेश दिला. एप्रिलमध्ये विभागाने बंदी जाहीर केली. लेट्यूसची शेती बुडाली नाही. लांब दांड्याची अवजारं आली आणि काम चालू राहिलं.

एक पळवाट मात्र उरली. बंदी अवजारावर होती, वाकण्यावर नव्हती. तेव्हा बऱ्याच ठिकाणी अवजारच काढून घेऊन नुसत्या हाताने निंदायला लावण्यात आलं. हाताने निंदण्यावर नियंत्रण यायला २००४ साल उजाडलं, आणि तेव्हाही सेंद्रिय शेतीला सूट मिळाली. तिथे तणनाशक चालत नाही हे खरं, पण सेंद्रिय वाफ्यात वाकलेल्या कंबरेला त्याचं काय?

अमेरिकेत केंद्रीय पातळीवर याहून कमीच घडलं. अस्थिस्नायूंच्या दुखण्यांवरचा सर्वसाधारण नियम नोव्हेंबर २००० मध्ये निघाला आणि मार्च २००१ मध्ये संसदेने तो रद्द केला. त्या गदारोळात एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. शेती त्या नियमातून आधीच वगळलेली होती.

यांत्रिकीकरणाने ओझी कमी केली, पण दुखणी फक्त जागा बदलून बसली. ट्रॅक्टर चालवणारा पुढे बघत हाकतो आणि मागच्या अवजारावर नजर ठेवायला दर थोड्या वेळाने मान-कंबर पिळतो. शिवाय खालून सतत हादरे. युरोपीय संघाने २००२ मध्ये अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांना मर्यादा घातली, पण शेती आणि वनकामासाठी सदस्य देशांना २०१४ पर्यंत सवलत ठेवली.

छोट्या सुधारणांनी काय होतं याचा दाखला द्राक्षतोडणीत मिळाला. कॅलिफोर्नियातल्या बागांत भरलेल्या टोपल्याचं वजन सुमारे २६ किलोवरून २१ किलोवर आणलं, तेव्हा मजुरांच्या दुखण्याच्या तक्रारी लक्षणीय घटल्या. अडचण मजुरीची होती. नगावर पैसे मिळणाऱ्याला लहान टोपलं म्हणजे जास्त फेऱ्या, त्यामुळे आधी कमाई घटणार नाही हे पटवून द्यावं लागतं.

ब्रिटनमध्ये अधिकृत मान्यता मिळाली ती कंबरेला नव्हे, खुब्याला, हेही नवलच. शेतकऱ्यांमध्ये खुब्याच्या सांध्याची झीज इतरांपेक्षा जास्त आढळते, असं युरोपातल्या अभ्यासांतून १९८० नंतर वारंवार पुढे आलं. त्या आधारावर ब्रिटनने २००५ मध्ये तिला शेतीतला व्यावसायिक आजार मानलं. अट एकूण दहा वर्षं शेतीकामाची. मात्र ही भरपाई पगारी नोकरांसाठी आहे. स्वतःचं शेत कसणारा तीस वर्षं राबून लंगडू लागला, तरी या योजनेत तो बसत नाही.